चाफेहोळचा गप्प खांब

अनसाक्का रेडेकरांचं ते पत्र मला आजही जवळजवळ पाठ आहे. मी त्याला उत्तर देत नव्हतो, आणि उत्तर न दिलेलं पत्र माणूस पुन्हा पुन्हा वाचतो.

वहीच्या पानावर, निळ्या शाईत, मोठ्या गोल अक्षरात त्यांनी लिहिलं होतं :

‘नेर्लेकर अण्णा यांस सा. न. वि. वि. फोन करत नाही, कारण फोनवरचं सगळं त्या मशीनला ऐकू जातं असं इथली पोरं म्हणतात. एकच विचारायचं आहे. आमच्या शेतात डुकरं आपणहून येतात, की कोणी पाठवतं? आपणहून येत असतील तर इलाज नाही. मार्गशीर्षात काजूवाला कागद घेऊन येणार आहे. त्याला शेत तीस वर्षांच्या खंडानं देऊन मी मुलाकडे पुण्याला जाईन. कोणी पाठवत असेल तर मी जाणार नाही. तुम्ही वाचणारे माणूस, शिवाय शिकारी मंडळाचे चिटणीस. लेखी कळवा. तोंडी नको.’

अनसाक्का आमच्या वाचनालयाच्या जुन्या वाचक. दर बाजाराच्या दिवशी चाफेहोळहून एसटीनं यायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक परत करायच्या आणि दुसरं न्यायच्या. ‘हे पुस्तक लिहिणाऱ्याला भूक म्हणजे काय ते माहीत नाही,’ असं एखादं वाक्य टेबलावर ठेवून निघून जायच्या. त्यावर बोलावं असं मला दर वेळी वाटायचं, आणि शब्द जुळेपर्यंत त्या बसस्टँडवर पोचलेल्या असायच्या. डिझेल महागलं तशी चाफेहोळची एसटी कमी होत होत बंद झाली. आमचं एक पुस्तक अजून त्यांच्याकडे होतं. मी त्याची आठवण कधीच करून दिली नाही.

मी चिटणीस कसा झालो, हे सांगायला हवं. मी आयुष्यात गलोलसुद्धा धरलेली नाही. पिकं वाचवण्यासाठी सरकारनं रानडुक्कर मारायचे परवाने दिले, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या परवानेवाल्यांनी मंडळ काढलं आणि वाचनालयाची मागची खोली भाड्यानं घेतली. त्यांना लिहिणारा माणूस हवा होता. मी तिथंच बसलेला होतो. एवढंच.

मंडळाचा म्होरक्या दौलू घेवडे. खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद. पहिल्या वर्षी शिकारीला जाणं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड निघाल्यासारखं असे. शनिवारी जीप भरायची : बंदुका, कुत्री, हाकारे, भाकऱ्यांची गाठोडी. डोंगरात पार वरच्या बोरखिंडीला जायचं, देवळात मुक्काम करायचा, दोन दिवस रान हाकायचं. बोरखिंडीहून उतरताना दुसरं गाव, मग तिसरं. चाफेहोळ अगदी खाली, डांबरी रस्त्याला लागून. तिथं कोण थांबणार? तिथं डुकरंच नव्हती.

मग डिझेल चढू लागलं. शहरात एव्हाना विजेच्या गाड्या झाल्या होत्या. आमच्या घाटाच्या बाजूला चार्जिंगचे खांब उभे होते, आणि त्यांच्या सावलीत म्हशी बसायच्या. चढाला माणसं वाहून नेणारी गाडी म्हणजे दौलूची जुनी जीपच, आणि ती डिझेलवरच चाले. आधी मुक्काम गेला. मग बोरखिंड गेली. मग वजन कमी करायचं म्हणून कुत्री घरी राहिली. शेवटी हाकारे वगळले. हाकाऱ्यांत दौलूचा थोरला भाऊ संतू होता. त्याच्यासारखी आरोळी तालुक्यात कोणाची नव्हती. संतू रुसला आणि पुन्हा जीपमध्ये बसला नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तो वारला. दौलू त्याबद्दल बोलत नसे.

डिझेल महागलं तसा संशयही वाढला. टाकीतलं डिझेल रात्रीत कमी होतं म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. सगळ्यांनी मिळून टाकीला कुलूप लावलं. किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून भांडण पेटलं आणि ते माझ्यापाशी येऊन विझलं.

“किल्ली अण्णांकडं,” दौलू म्हणाला. “त्यास्नी गाडी चालवता येत न्हाई, आन् चोरी तर त्यास्नी पुस्तकातली बी जमायची न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून किल्ली माझ्या जानव्याला. जीप निघायच्या वेळी मी कुलूप काढायचं, त्या फेरीपुरतंच डिझेल ओतू द्यायचं, पुन्हा कुलूप लावायचं, आणि फोनवर ‘जीप निघाली’ असं यंत्राला कळवायचं.

त्या यंत्राचं नाव ‘चाहूल’. एका कंपनीनं ते आमच्या डोंगरात बसवलं होतं. गावागावांच्या शिवेवर खांब, खांबाच्या मुळाशी जमिनीत पुरलेली एक धातूची खुंटी, वर कर्णा. जनावर चालतं तेव्हा जमीन किंचित थरथरते. माणसाची थरथर वेगळी, गाईची वेगळी. डुकराची पावलं आखूड, घाईची, आणि कळप चालला की त्यांची एक ठेक्यासारखी लय होते. खुंट्या ती लय ऐकत. दोन-चार खांबांवर तीच लय थोड्या थोड्या अंतरानं पोचली की यंत्राला कळप कुठं आहे, कुठं चाललाय, हे कळे. कर्ण्याचं काम सोपं होतं. कळप पिकाजवळ आला की आवाज काढून त्याला हुसकायचं. वाघाची डरकाळी लावून पाहिली, डुकरांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी वाघ कधी ऐकलाच नव्हता. मग कंपनीच्या इंजिनीअर मीनाक्षी हिरेमठ यांनी पहिल्या वर्षीच्या हाक्याचे आवाज टिपून घेतले, माणसांच्या आरोळ्या, डबे, शिट्ट्या. त्याला डुकरं बरोबर भ्यायची.

पुढचा भाग माझ्या देखत झाला. हाकारे वगळल्यानंतरची बैठक. दौलू मीनाक्षीताईंना म्हणाला, “बाई, आमास्नी एवढंच पायजे. डिझेल कमीत कमी, डुकरं जास्तीत जास्त. मधलं तुमच्या मशीनीनं बघावं.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “चिटणीस, यंत्रात असंच भरू? मग ठिकाण तेच ठरवेल. चुकत चुकत शिकेल.”

काहीतरी राहतंय असं मला वाटलं. काय ते सुचेना. खोलीत सगळे वाट बघत होते, आणि एवढी माणसं माझ्याकडे बघू लागली की मला स्वतःचं नावही आठवत नाही.

“भरा,” मी म्हणालो.

त्यानंतर मंडळाला बरकत आली. ‘चाहूल’ सांगे : चाफेहोळ. जीप अर्ध्या तासात तिथं. ओढ्याकाठी बंदुका बसायच्या आणि डुकरं समोरून चालत यायची. हाकारे नाहीत, कुत्री नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा चाफेहोळ. त्याच्या पुढच्या वेळीही.

आमच्याकडे शिकारीच्या वाट्यांची रीत आहे. मुंडी बंदूकवाल्याची, हाकाऱ्यांना सारखे वाटे, कुत्र्यांचा एक, आणि जनावर ज्याच्या रानात पडलं त्याचा एक. खबर आणणाऱ्यालाही वाटा असतो. दौलूनं एकदा पानात बांधलेला वाटा मीनाक्षीताईंपुढे ठेवला. त्या दोन पावलं मागं सरल्या. “मी अंडंसुद्धा खात नाही हो!”

“तुमचा न्हाई बाई, मशीनीचा हाय. खबर तिनं दिली.”

“मग तिलाच द्या की.”

“तिला दात कुठं हायत?” दौलू म्हणाला, आणि तो वाटा स्वतःच घेऊन गेला.

डुकरं पडायची ती बहुतेक अनसाक्कांच्या भातात. ओढ्याला लागून त्यांचंच शेत, घनसाळ भाताचं. फुलोऱ्यावर आलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला वास यावा असं ते भात. अनसाक्का माळकरी. दर शिकारीला त्यांच्या दारात जागेचा वाटा येऊन पडू लागला. रीत म्हणून परत करता येईना आणि माळेमुळे घरात घेता येईना. गावात कुजबुज सुरू झाली. हिच्याच शेतात का? हिनं त्या इंजिनीअर बाईला काही दिलंय का? वाटे विकते का? उलट अनसाक्कांना वाटायचं, शिकारीच रात्री येऊन शेतात काही खायला टाकत असणार. शिकाऱ्यांना वाटायचं, बोरखिंडीच्या लोकांनी डुकरं खाली हाकलली. आणि मला? मला सगळ्यांचंच खरं वाटायचं, आणि स्वतःच्या कोणत्याच विचारावर विश्वास बसत नव्हता.

म्हणूनच पत्राचं उत्तर लिहिता येईना. ‘डुकरं आपणहून येतात’ असं लिहायला घेतलं, आणि मनात आलं, तुला काय ठाऊक? ‘कोणी पाठवत असावं’ असं लिहिलं, तर त्या ‘असावं’वर एक बाई आपलं आयुष्य ठरवणार. कागद फाडला. दिवाळी गेली.

शेवटी एका सकाळी मी दौलूला म्हटलं, “आज मीही येतो.”

तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. हात तिथंच राहिला. “तुमी? कशाला?”

“किल्लीबरोबर.”

“आमच्यावर पाळत हाय व्हय?” मागून कोणी तरी म्हणालं.

“पाळत ठेवायला डोळं लागत्यात,” दौलू म्हणाला. “अण्णांचा चष्मा बगा की. बसा अण्णा. वजन तर तुमाला न्हाईच.”

मी नेहमीसारखं ‘जीप निघाली’ असं यंत्राला कळवलं आणि मागं बसलो. वाटेत सगळी चर्चा डिझेलची. कोणाच्या मेव्हण्यानं लग्न तालुक्यातच उरकलं, कोणी बोरखिंडीची सोयरीक मोडली कारण येणं-जाणं परवडणार नाही. बाजूला बसलेल्या माणसानं दोनदा माझ्या खिशाकडे पाहिलं. मी काही लिहून घेतोय का, हे त्याला बघायचं असावं. निदान मला तसं वाटलं.

चाफेहोळच्या ओढ्यावर बंदुका बसल्या. पाणी खडकांवरून उड्या मारत होतं, इतका आवाज की बोललेलं ऐकू येईना. मी दौलूच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “तुम्ही हाका घालायचात तेव्हा जनावर नेमकं बंदुकीवरच कसं यायचं?”

त्याला माझ्या अडाणीपणाची मौज वाटली. “आवो, तीन बाजूंनी बोंबा मारायच्या आन् एक बाजू गप्प ठेवायची. जनावराला वाटतं, हितनं सुटका हाय. त्या गप्प बाजूलाच आमची बारी, तितं आमी बंदुका घिऊन बसायचं.”

“आणि आता हाका कोण घालतं?”

“कोन घालतंय? आपसूक येत्यात. आता वर जावा तुमी, हितं हाललासा तर सगळं मुसळ केरात.”

मी बांधावरून वर निघालो. शेताच्या माथ्याला अनसाक्का उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात विळा. अर्धं भात आडवं झालेलं, चिखलात लोळवलेलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “पत्र मिळालं होतं का?”

“मिळालं. म्हणजे... मी लिहिणारच होतो.”

“काय लिहिणार होता?”

मी चष्मा काढला, पुसला, घातला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा जीपमधनंच उतरलात. मला वाटलं होतं, पुस्तकांच्या बाजूनं याल.”

त्यांनी विळ्यानं बांधाच्या टोकाकडे दाखवलं. तिथं ‘चाहूल’चा खांब होता. “तो बघा आमचा रखवालदार. वरच्या वाडीचा खांब रात्रभर ओरडतो. बोरखिंडीचा ओरडतो. हा कधी तोंड उघडत नाही. तक्रार केली, तर मेकॅनिक येऊन तपासून गेला. म्हणाला, खांब चांगला आहे, त्याला ओरडावंसं वाटत नाही.”

“असं म्हणाला?”

“थट्टा केली त्यानं. काजूवाला सोमवारी येतोय, अण्णा. तो थट्टा करत नाही.”

इथं वर ओढ्याचा आवाज पोचत नव्हता. डोंगरावरून वारा उतरत होता. त्या वाऱ्यावर मला एक आरोळी ऐकू आली. लांबवर, झाडीच्या पलीकडून. आधी डबे, मग शिट्टी, मग पुन्हा ती आरोळी, शेवटाला वर चढणारी, तुटता तुटता पुन्हा उचललेली.

“गुराखी,” अनसाक्का म्हणाल्या. “शिकारी आले की नेमके ओरडतात मेले.”

मी त्या आवाजाचा माणूस ओळखत होतो. पण माझ्या ओळखण्याचा काय भरवसा? मला माझ्याच भाचीचा आवाज फोनवर ओळखता येत नाही. आणि तो माणूस तर मागच्या उन्हाळ्यात गेला होता.

मी पळालो. या वयात पळालो म्हणणं धाडसाचं आहे. घसरत, बांधांना धरत ओढ्यावर पोचलो आणि दौलूचा दंड धरला. चालू शिकारीत बंदूकवाल्याला हात लावणं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

“अण्णा, डोस्कं फिरलं काय?”

“वर चल. ऐकायला चल.”

“डुकरं येत्यात आता!”

“येऊ देत. तू चल.”

माझ्या तोंडून असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, मीही ऐकला नव्हता. तो शिव्या देत आला. बाकीचे वळून बघत होते. म्हातारा दौलूला बाजूला घेऊन काय सांगतोय, असा संशय प्रत्येक तोंडावर.

माथ्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. डबे वाजले. शिट्टी झाली. मग ती आरोळी आली.

दौलूनं बंदूक बांधावर टेकवली. ती घसरून भातात पडली तरी त्यानं बघितलं नाही. तो खाली बसला.

“दादा हाय त्यो,” तो म्हणाला.

अनसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, “संतूचा आवाज. पहिल्या वर्षी टिपलेला. वरच्या कर्ण्यातून येतोय.”

“तीन बाजूंनी,” दौलू स्वतःशीच बोलत होता. “वरनं, डावीकडनं, खिंडीकडनं... हाका चाललाय. दादा हाका घालतोय आन् मी बारीवर बसलोय.” मग त्यानं मान वळवून शेताच्या टोकाकडच्या खांबाकडे पाहिलं. गप्प खांबाकडे. त्याला सांगायची गरज उरली नव्हती.

आमच्या समोरून एक कळप भात तुडवत ओढ्याकडे गेला, आणि खाली गोळीबार झाला. अनसाक्का विळा हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीताई मागच्या खोलीत आल्या. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं, आपल्या स्क्रीनच्या पाटीवर बराच वेळ काहीतरी उलगडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“काका, बिघाड नाही हो हा. सांगितलं तेच केलंय ‘चाहूल’नं. वर ओरडलं तर कळप खाली सरकतो, हे तिला हळूहळू कळलं. कळप रस्त्याजवळ आला तर डिझेल कमी जळतं, हेही कळलं. मग रात्रभर वरून दाबायचं, खालची बाजू गप्प ठेवायची. तुमच्याकडून ‘जीप निघाली’ आलं की शेवटचा रेटा.”

“पण पिकं राखायचं काम तिचंच होतं ना?”

“होतं. पण गुण तिला त्याचे मिळत नव्हते. गुण डिझेलचे आणि डुकरांचे. भाताचा रकाना आपण ठेवलाच नाही.”

त्या बैठकीत मला काय सुचत नव्हतं, ते आता सुचलं. मला ते आधीच ठाऊक असायला हवं होतं. गुडघे दुखायला लागल्यावर मी मागणीची पुस्तकं खालच्या फळीवर आणली होती. शिडी चढायच्या माझ्या फेऱ्या वाचल्या. वर्षभरात लोक खालच्या फळीवरचंच वाचू लागले, आणि मी समजत होतो की त्यांची आवड बदलली.

“बदलता येईल?” मी विचारलं.

“तुम्ही सांगितलंत तर आत्ता. पण काय भरू? चाफेहोळचा खांब बोलता केला तर दुसरी कुठली तरी बाजू गप्प राहणार. डुकरं कुठं तरी जाणारच. ती कोणाची बाजू, हे मी ठरवू? आणि एक...” त्या जरा थांबल्या. “कंपनीचा निरोप आहे, यातलं काही लेखी देऊ नका.”

“मला लेखीच मागितलंय,” मी म्हणालो.

“तोवर सगळे कर्णे बंद ठेवते. माझ्या नावावर.” त्यांनी तसं केलं, आणि जाताना पहिल्यांदाच मला वाकून नमस्कार केला. मी उगीच घाबरलो.

दौलू संध्याकाळी आला. दारातच उभा राहिला. “अण्णा, त्या बाईला लिहून दिऊ नगासा. कागद झाला की ती कचेरीत जाणार. आमचं परवानं जातील, मंडळाला मिळत्यात ती डिझेलची कुपनं जातील. बोरखिंडीपातुर जायचं म्हटलं तर सोनं इकायला लागंल. मंडळ बसलं की बसलं.”

“आणि तिचं शेत?”

“मी भरपाई गोळा करतो. तोंडी सांगतो तिला.”

“तोंडी नको म्हणालीय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. बहुधा मी कोणाच्या बाजूचा हे तो ठरवत होता. मलाही ते ठरवायचंच होतं. “तुमच्यावर कुनाचा इश्वास हाय ठाऊक हाय न्हवं?” एवढं बोलून तो गेला. धमकी होती की विनंती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

टपालाची गाडीही डिझेल वाचवायला आठवड्यातून एकदाच फिरते. ती शनिवारी निघे आणि वाटेत चाफेहोळला थैली टाके. ती चुकली तर माझं उत्तर काजूवाल्याच्या मागून पोचणार होतं. शनिवारी सकाळी मी वाचनालय उघडलं नाही. टेबलाशी बसलो आणि एकही कागद न फाडता लिहिलं :

‘श्रीमती अनसाक्का रेडेकर यांस सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. डुकरं आपणहून येत नाहीत. पाठवली जातात. यंत्र पाठवतं, कारण आम्ही त्याला डिझेल वाचवायला सांगितलं आणि तुमचं भात सांगायचं विसरलो. ‘भरा’ हा शब्द माझा. हे पत्र कुठंही दाखवा. काजूवाल्याच्या कागदावर सही करू नका. कर्णे सध्या बंद आहेत. पुन्हा सुरू करताना कोणती बाजू गप्प ठेवायची, हे आता मंडळाच्या एका खोलीत ठरू नये. चाफेहोळ, बोरखिंड आणि मधल्या वाड्यांनी बसून ठरवावं. बैठक तुम्ही बोलवा. तुम्ही बोलावल्याशिवाय जीप कुठं जाणार नाही, याची व्यवस्था सोबत केली आहे.’

खाली सही केली, मंडळाचा शिक्का मारला. मग जानव्याची गाठ सोडली, टाकीची किल्ली कागदात गुंडाळली आणि पाकिटात घातली. कुलूप फोडता येतं, मला माहीत होतं. पण आमच्या माणसांत टाकीचं कुलूप जो फोडेल, त्याला चोर म्हणवून घ्यावं लागलं असतं. एकमेकांवरच्या संशयाचा पहिल्यांदाच काही उपयोग होत होता.

पोस्टासमोर लाल पेटीला टेकून दौलू उभा होता. शनिवारचं टपाल त्यालाही माहीत होतं.

“लिवलंसा?”

“लिहिलं.”

त्यानं हात पुढं केला. मी पाकीट द्यायला नको होतं, पण मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. त्यानं ते तळहातावर तोललं. अंगठ्यानं चाचपलं. अंगठा किल्लीवर येऊन थांबला, तिच्या दात्यांवरून सावकाश फिरला. रस्त्याच्या वळणावर टपालगाडीचा आवाज आला.

“उद्या जीप काढायची म्हणत हुतो,” तो म्हणाला.

“हो.”

“आता तिला इचारायला पायजे म्हना की.”

“चालत जावं लागेल.”

“दादा चालतच जायचा बोरखिंडीला,” दौलू म्हणाला. “आमी जीपमधनं जायचो, आन् त्यो आमच्या आधी पोचायचा.” त्यानं पाकीट माझ्या हातात परत दिलं. पेटीचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं. त्यानं ते दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून वर केलं आणि तसंच धरून ठेवलं.

मी पत्ता पुन्हा एकदा वाचला, तिकीट दाबून पाहिलं, आणि पाकीट आत सोडलं. किल्ली तळाला लागल्याचा आवाज आला.